दुकानातल्या बाटल्या आणि आपली गाडी

कुटुंबाच्या पानावर मोटारीच्या साबणाची चर्चा कशाला, असा प्रश्न काही वाचक भगिनींच्या मनात येईल. त्यांनी आमच्या मुळशी तालुक्यातील वस्त्यांवर एकदा सकाळी फेरी मारून पाहावी. हिंजवडी, माण, मारुंजीच्या शिवारात राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान पार्क उभा राहिला, पिरंगुटला कारखाने आले आणि ज्या घरांत सायकल हीच मोठी मिळकत होती, त्या घरांतील मुले कंपन्यांच्या गाड्या चालवू लागली. त्यांतल्या काहींनी कर्ज काढून स्वतःची गाडी घेतली. बहुतेकांची जुनी, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडून आलेली. रविवारी वंदनेच्या वेळी विहारासमोर आता चार-पाच गाड्या उभ्या असतात. त्याच वस्तीतील दुसरी काही मुले, काही आयाबाया पहाटे उठून भूगाव-बावधनच्या सोसायट्यांत दुसऱ्यांच्या गाड्या पुसायला जातात. म्हणजे हा विषय आपल्या घरात दोन्ही दारांनी आलेला आहे.

वाहन ही आपल्या समाजाला नुसती चैन कधीच नव्हती. १९०१ साली लहानग्या भीमरावाला आणि बरोबरच्या मुलांना मसूर स्टेशनावरून गोरेगावला वडिलांकडे जायचे होते. जात कळताच कुणी गाडीवान बसवून घेईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असे ठरले. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी बाबासाहेबांचा टांगा हाकायला नकार दिला, म्हणून टांग्याची सवय नसलेल्या आपल्याच एका माणसाने लगाम हाती घेतला. टांगा आदळला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. हे सारे ठाऊक असलेल्या घरासमोर जेव्हा स्वतःची मोटार येऊन उभी राहते, तेव्हा ती नीट ठेवावी, चकचकीत ठेवावी असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यात आम्हाला काही वावगे दिसत नाही. मात्र या चकचकीतपणाच्या नावाखाली दुकानदार जे गळ्यात मारतात, त्याबद्दल बोलले पाहिजे.

आमच्या आळीतल्या एका मुलाने गाडी घेतली, तेव्हा तो आम्हाला पौड रस्त्यावरच्या एका दुकानात घेऊन गेला. आम्ही कारकुनी करणारे. बेरीज-भागाकार आणि बारीक अक्षर वाचणे एवढीच आमची विद्या, पण अशा ठिकाणी नेमकी तीच कामी येते. फळीवर पन्नासेक बाटल्या. शाम्पू, पॉलिश, वॅक्स, रबिंग कंपाउंड, टायरची शाई, डॅशबोर्डचा फवारा आणि ज्यावर त्यावर ‘सिरॅमिक’ हा शब्द.

दुकानदार म्हणाला, “नवीन गाडी आहे ना दादा? मग हे पूर्ण किट घेऊन जा. चौदा वस्तू आहेत.”

मुलगा आमच्याकडे पाहून हळूच म्हणाला, “काका, एवढं सगळं लागतं का हो?”

एवढे सगळे लागत नाही. पहिल्या वर्षाला गाडी धुण्याचा शाम्पू, दोन बादल्या, धुण्याचा मऊ हातमोजा, मायक्रोफायबरची चार-सहा फडकी आणि मेणाची एक बाटली पुरे. बाकीचे हात बसल्यावर बघता येते.

शाम्पू का, कपड्याचा साबण का नाही? वस्तीत सर्रास कपडे धुण्याची पावडर वापरतात. ती तीव्र असते. कपड्यावरचा तेलकटपणा काढण्यासाठीच ती केलेली असते, त्यामुळे गाडीवर लावलेले मेणही घेऊन जाते आणि न विरघळलेले कण फडक्याखाली घासले जातात ते वेगळेच. भांडी घासण्याच्या द्रवाने एखाद्या वेळी आकाश कोसळत नाही, पण मेण त्यानेही निघते. बाटलीवर ‘पीएच न्यूट्रल’ लिहिलेला साधा शाम्पू निवडावा. आता भागाकार. एका बादलीला २५ मिलिलिटर शाम्पू लागत असेल तर अर्ध्या लिटरच्या बाटलीत २० वेळा गाडी धुऊन होते. आठवड्याला एकदा धरले तर जवळजवळ पाच महिने. शेजारची निम्म्या किमतीची बाटली पाहिली, तर तिच्यावर बादलीला १०० मिलिलिटर लिहिलेले! म्हणजे पाच धुण्यांत ती रिकामी. किंमत बाटलीची पाहू नये, बादलीची पाहावी.

फडक्यांच्या बाबतीत आपल्या घरांत एक चुकीची काटकसर आहे. जुनी बनियन, धोतराचा तुकडा, फाटका टॉवेल गाडीला चालतो असे समजतात. त्याच्या शिवणीत आणि धाग्यात खडा अडकला की रंगावर गोल गोल ओरखडे उठतात; उन्हात गाडी तिरकी पाहिली की कोळ्याचे जाळे दिसावे तसे दिसतात. धूळ बसलेल्या कोरड्या गाडीवरून फडके फिरवणे हा तर सर्वांत वाईट प्रकार. पहाटे सोसायटीत पुसणाऱ्या मुलांना तेच करावे लागते, कारण तासाभरात वीस गाड्या उरकायच्या असतात. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. आपल्या गाडीला मात्र घाई नाही. रंगासाठीची फडकी वेगळी, काचेची वेगळी, चाकांची वेगळी ठेवावीत. वेगवेगळ्या रंगांची घेतली म्हणजे घरात कुणालाही कळते.

आता त्या ‘पॉलिश’कडे वळू. आपल्याकडे चमक देणाऱ्या सगळ्याच वस्तूंना पॉलिश म्हणतात आणि इथेच नवखा माणूस फसतो. कंपाउंड आणि पॉलिश या घासणाऱ्या वस्तू आहेत, लाकडाला पॉलिशपेपर मारावा तशा. आजच्या गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक थर असतो. तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही बारीक. कंपाउंडने ओरखडा जातो तो भरून नव्हे, आजूबाजूचा थर खरवडला गेल्यामुळे. एकदा जाणत्या हाताने करायचे काम दर रविवारी केले तर काही वर्षांत छपरावरचा थर विटतो आणि मग रंगकामाशिवाय इलाज नाही. कर्जाचे हप्ते चालू असताना हा खर्च कुणी करायचा? मेण म्हणजे वॅक्स. ते खरवडत नाही, वरून पातळ आवरण घालते. पाणी टिकत नाही, चिखल लवकर सुटतो. नवख्याने मेण घ्यावे, कंपाउंडला हात लावू नये. धुऊन पुसल्यावर फवारून लगेच फडक्याने सारखे करायचे द्रव मेण सर्वांत सोपे. ‘सिरॅमिक’ छापलेल्या बाटलीत नाव मोठे आणि वस्तू थोडी, असे पुष्कळदा असते. खरे सिरॅमिक कोटिंग लावायला तयारी, सावली, धूळमुक्त जागा आणि सराव लागतो; दारापुढच्या अंगणात ते होत नाही.

जाता जाता एक. डबीवर ‘कार्नोबा’ लिहिलेले मेण ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून काढतात. तिथल्या सरकारच्या मजूर तपासणीत या कामावर गुलामासारखे राबवलेले मजूर सापडलेले आहेत. चमक कुठलीही असो, तळाशी कुणाचे तरी हात असतात.

हातांचा विषय निघालाच आहे, तर ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो. आमच्या वस्तीतला एक मुलगा एका धुलाई केंद्रावर कामाला होता. मिश्रधातूच्या चाकांवर ब्रेकची काळी भुकटी बसते, ती काढायला मालकाने पांढऱ्या कॅनमधले पाणी दिले होते. कॅनवर नाव नाही, चिठ्ठी नाही. सगळे त्याला ‘चाकाचं ॲसिड’ म्हणत. चाके आरशासारखी निघायची. मुलगा उघड्या हातांनी ब्रश बुडवायचा. दिवसा काही वाटले नाही. रात्री बोटांच्या टोकांत अशी कळ सुरू झाली की तो उठून अंगणात येरझाऱ्या घालू लागला. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “कशात हात घातला होता?” त्याचे उत्तर कुणापाशीच नव्हते. बोटे वाचली, दोन नखे गेली, महिनाभराची मजुरी बुडाली.

त्या कॅनमध्ये काय होते ते आजही माहीत नाही. पण चाके साफ करण्याच्या काही द्रवांत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असते हे खरे आहे. पातळ केलेले असले तर ते लागताक्षणी भाजत नाही. कातडीतून आत उतरते, शरीरातल्या कॅल्शियमला धरते आणि वेदना काही तासांनी सुरू होते. म्हणूनच ते फसवे. असे काही हाताला लागले तर दुखण्याची वाट न पाहता वाहत्या पाण्याखाली हात धरावा, लगेच दवाखाना गाठावा आणि बाटली सोबत न्यावी. घरच्या गाडीला तर असल्या द्रवाची गरजच नाही. चाके दर आठवड्याला त्याच शाम्पूने, वेगळ्या बादलीत आणि वेगळ्या ब्रशने धुतली तर भुकटी चिकटून बसत नाही. संडासाचे ॲसिड चाकाला लावणारेही आम्ही पाहिले आहेत. त्याने चाकाचा मुलामा जातो आणि माणसाची छातीही भरून येते.

म्हणून सुटी, विनानावाची बाटली कितीही स्वस्त असो, घेऊ नये. २०११ च्या वैधमापन नियमांप्रमाणे पॅकबंद मालावर बनवणाऱ्याचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता, निव्वळ माप, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, कमाल विक्री किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असला पाहिजे. बिल मागून घ्यावे. दुकानदार “बिल कशाला दादा” म्हणाला तर दुसरे दुकान पाहावे. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. आणि रबरी हातमोज्यांची एक जोडी या खरेदीत धरावी. पहाटे गाड्या पुसायला जाणाऱ्या बायांच्या बोटांच्या बेचक्या पावसाळ्यात कशा चिरतात हे त्यांच्या घरच्यांना सांगायला नको. सोसायटीकडून महिन्याच्या पैशांबरोबर हातमोजेही मागून घ्यावेत. आमच्या ओळखीच्या तीन बायांनी मागितले, दोघींना मिळाले.

पाण्याचेही बोलले पाहिजे. मुळशीचे धरण टाटांनी बांधले, १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तरी गावे बुडाली ती बुडालीच. ते पाणी घाट उतरून भिऱ्याला वीज करते. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण आमच्या तालुक्यातल्या बायकांना शिकवावी लागत नाही. नळी दहा मिनिटे सोडून ठेवली तर शे-सव्वाशे लिटर पाणी जाते. चवदार तळ्याच्या एका ओंजळीसाठी डोकी फुटलेल्यांची आपण लेकरे आहोत. एप्रिल-मे महिन्यात टँकरच्या पाण्याने गाडी धुणे शोभत नाही. दोन बादल्यांची रीत पाणी आणि रंग दोन्ही वाचवते. एकीत शाम्पू, दुसरीत साधे पाणी. हातमोजा गाडीवरून फिरवला की आधी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचा. छपरापासून सुरुवात करून खाली यायचे. गाडीवर नुसती धूळ असेल तर ‘रिन्सलेस वॉश’ नावाचे द्रव मिळते, ते एका बादलीत थोडेसे टाकून गाडी निघते आणि वरून पाणी ओतावे लागत नाही. आमच्या मते उन्हाळ्यासाठी हीच सर्वांत शहाणपणाची खरेदी. पावसाळ्यात ताम्हिणीचा चिखल बसला असेल तर मात्र ते चालत नाही; आधी पाण्याने चिखल पाडलाच पाहिजे, विशेषतः चाकांच्या वरच्या कमानींतला. बोअरचे पाणी अंगावर वाळू दिले तर पांढरे डाग राहतात, म्हणून सावलीत धुवावे आणि लगेच टिपून घ्यावे.

आतल्या भागासाठी ओले फडके पुष्कळ झाले. डॅशबोर्डला तेलकट चमक आणणारा फवारा घेऊ नये. त्याचे प्रतिबिंब समोरच्या काचेत पडते आणि रात्रपाळीच्या चालकाला समोरचे नीट दिसत नाही. स्टिअरिंगला आणि पायाखालच्या पट्ट्यांना तर ते कधीच लावू नये, पाय सटकतो. काही जण डिझेलचा बोळा बाहेरून फिरवतात. दोन तास गाडी काळीभोर दिसते, मग त्यावर धूळ चिकटते आणि दारांचे रबर फुगते.

नवी गाडी आली की शेजारीपाजारी बॉनेटवर हळदी-कुंकवाची बोटे ओढायला आणि पुढे लिंबू-मिरची बांधायला सांगतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराने याला काय उत्तर द्यायचे ते आम्ही सांगायला नको. हळदीचा डाग पांढऱ्या रंगावर बसतो एवढे मात्र सांगतो. लिंबाचे पैसे टायरमधील हवा तपासण्यात घालावेत.

राहिला निळा गुलाल. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत गाडी न्यायची तर तो पडणारच, आणि पडू द्यावा. घरी आल्यावर कोरड्या फडक्याने मुळीच झटकू नये, भुकटी घासली जाते आणि रंगात ओढली जाते. ओल्या फडक्यानेही चोळू नये. आधी वरून भरपूर पाणी ओतून भुकटी वाहू द्यावी, त्या दिवशी पाण्याचा हिशेब थोडा सैल चालेल. मग शाम्पू. काचेच्या रबराच्या फटीत आणि दारांच्या सांध्यांत मऊ ब्रश फिरवावा, नाहीतर पहिल्या पावसात निळे ओघळ उतरतात. ज्या गाडीला आधी मेण लावलेले असते तिचा रंग सहज सुटतो. ते मेण आठवडाभर आधी लावावे. १३ तारखेच्या रात्री विहारात पताका लावायच्या असतात, तेव्हा सवड मिळत नाही.