दिव्याकडे पाठ

उन्हाळ्यात भंडारदऱ्याहून घाटघरकडे निघालात तर ऐनाच्या झाडांकडे बघा. पानं झडलेली असतात, आणि एखाद्या काटकीला लहान अंड्याएवढा राखी कोश लोंबकळताना दिसतो. वारा त्याला हवा तसा हलवतो, पण पाडू शकत नाही. जवळ गेलं की कारण कळतं. अळीने आधी काटकीभोवती रेशमाचं कडं घातलेलं असतं, कड्यातून एक कडक देठ काढलेला असतो आणि त्या देठाला कोश. पान गळणार हे धरूनच सगळी बांधणी. चिमटीत दाबून पाहा, दबत नाही.

हा टसर पतंगाचा कोश. विदर्भात यालाच कोसा म्हणतात. गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐन-अर्जुनावर या अळ्या पाळतात, भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावात त्याचं कापड विणतात. आमच्या अकोले तालुक्यात (हे अकोले, अकोला नव्हे, अजूनही सांगावं लागतं) त्याचा धंदा नाही. जंगलात हिरडा गोळा करणाऱ्याला हिरड्याचा भाव तोंडपाठ असतो, कोशाला कोण विचारतो! म्हणून इथला टसर उकळत्या पाण्यात न जाता आपल्या मुदतीने बाहेर येतो.

ही मुदत पाऊस ठरवतो. हिवाळा-उन्हाळा आत काढायचा आणि जूनच्या आसपास हवेत ओल आली की एखाद्या संध्याकाळी तोंडातून एक स्राव सोडून कोशाचं टोक भिजवायचं. त्याने धाग्यांमधला डिंक सुटतो आणि पतंग वाट काढतो. बाहेर येतो तेव्हा पंख चुरगळलेले, ओले. काटकीला लटकून तो ते सावकाश उलगडत नेतो. मग जे दिसतं ते तळहातात मावत नाही. मादी पिवळसर, नर विटकरी. चारही पंखांवर एकेक डोळा, आणि डोळ्याच्या मधोमध चक्क खिडकी: तिथे खवले नसतात, त्यामुळे पलीकडचं पान आरपार दिसतं.

या देखण्या प्राण्याला चालणारं तोंड नाही. खाणं-पिणं सगळं अळीपणी उरकलेलं. हिरवीगार, अंगावर रुपेरी ठिपके असलेली ती अळी चार वेळा कात टाकत महिनाभराहून अधिक काळ पानंच खाते. मुंग्या, गांधीलमाश्या, अळीच्या अंगावर अंडी घालणारी उझी माशी, यांतून वाचतात त्या थोड्या. आपण ज्याला पतंगाचं आयुष्य समजतो तो त्याचा शेवटचा आठवडा असतो. त्या आठवड्यात काम एकच. मादी फांदीवर बसून गंध सोडते, नर पिसासारख्या मिशांनी तो हुंगत अंधारातून येतो. असा गंध म्हणजे नेमकं कोणतं रसायन, हे पहिल्यांदा कळलं 1959 साली. अ‍ॅडॉल्फ ब्युटेनान्ट या जर्मन शास्त्रज्ञाने त्यासाठी तुतीवरच्या रेशीमपतंगाच्या सुमारे पाच लाख माद्या खर्ची घातल्या. नराला मात्र त्यातले मोजके रेणू पुरतात.

या कामात खोडा घालतो तो दिवा. आपल्या कवी-शायरांनी पतंगाला ज्योतीचा प्रियकर करून ठेवलं आहे. कल्पना सुंदर, पण पतंगावर अन्याय करणारी. 2024 च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवान कॅमेऱ्यांनी दिव्याभोवतीचे कीटक टिपले, तेव्हा दिसलं की बहुतेक कीटक दिव्याकडे झेपावत नाहीत, त्याच्याकडे पाठ करतात. रात्री जमिनीपेक्षा आभाळ उजळ. पाठ उजेडाकडे ठेवली की उडणं सरळ राहतं, हा त्यांचा जुना हिशेब. बल्ब लागला की आभाळ भलत्याच बाजूला जातं, आणि बिचारा तिरपा होऊन गरगरत राहतो. हे प्रेम नव्हे, फसवणूक आहे. आणि ती आपण करतो.

आमच्याकडे ती ऐन हंगामात होते. मे अखेरपासून काजवे बघायला भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडीकडे गाड्यांची रीघ लागते. 1986 पासून इथे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे; टॉर्च मारू नका, असं लोकांना सांगितलं जातं आणि काजव्यांसाठी काही जण ते पाळतातही. पण मुक्कामी परतल्यावर तंबूबाहेरचा पांढरा हॅलोजन पहाटेपर्यंत जळतो. सकाळी त्याच्या मागच्या भिंतीवर थकलेले पतंग बसलेले असतात, पक्षी एकेक उचलत असतात. एकदा मी तशा भिंतीवर मादीने चिकटवलेली अंडी पाहिली: चपटी, कडेने तपकिरी रेघा. आठ-दहा दिवसांनी अळ्या बाहेर येणार, आणि समोर चुना. ऐनाचं झाड रस्त्यापलीकडेच होतं.

काजवे जरूर बघा. फक्त जेवणं उरकली की ओसरीवरचा दिवा मालवा, आणि मुक्कामाच्या मालकालाही तो हॅलोजन बंद करायला सांगा. गिऱ्हाइकाने सांगितलेलं तो ऐकतो.