दाखल्यातला जातीचा रकाना

नमाजाला एका रांगेत खांद्याला खांदा लावून उभे राहिलो की शेजारचा बागवान आहे, अत्तार आहे की सय्यद, हे कुणी विचारत नाही. ही समता मला मनापासून प्रिय आहे. पण सोयरिकीची बोलणी निघाली की तीच माणसे आधी 'कौन जमात के हैं?' असे विचारतात. सच्चर समितीनेही 2006 च्या अहवालात मुस्लिम समाजातल्या अश्रफ, अजलाफ आणि अरजल या थरांची नोंद घेतली होती. म्हणजे जात आपल्यात आहे. ती नसते फक्त शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये.

जुनी रजिस्टरे उघडून पाहा. 'धर्म व जात' या रकान्यात इतर मुलांपुढे 'हिंदू माळी', 'हिंदू धनगर' असे लिहिलेले असते. आपल्या मुलांपुढे नुसते 'मुसलमान'. बापाने श्रद्धेने तेवढेच सांगितले, लिहिणाऱ्यानेही पुढे विचारले नाही. त्या एका शब्दाची किंमत आज नातवंडे मोजत आहेत.

महाराष्ट्रात ओबीसींना 19 टक्के आरक्षण आहे. बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन, पिंजारी अशा अनेक मुस्लिम जाती त्या यादीत आहेत. मुस्लिम ओबीसी चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे खस्ता खाल्ल्या. पण जातीचा दाखला काढायचा तर 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. विमुक्त-भटक्यांसाठी ही तारीख 21 नोव्हेंबर 1961 आहे. ज्याचे आजोबा शाळेतच गेले नाहीत, त्याने काय दाखवायचे? आणि जे गेले, त्यांच्या दाखल्यावर 'मुसलमान'! त्यात आडनाव शेख असेल तर जातीचा मागच लागत नाही.

माझ्या दोन विद्यार्थिनी एकाच गल्लीतल्या. दोघींचे वडील फळे विकतात, दोघीही बागवान. एकीच्या चुलत आजोबांच्या दाखल्यावर 'बागवान' हा शब्द होता. तिचा दाखला निघाला, पडताळणी झाली आणि ओबीसीच्या जागेवर तिला फार्मसीला प्रवेश मिळाला. दुसरीचे वडील तहसील कचेरीत कोतवाल बुकाच्या नकलेसाठी हेलपाटे घालत राहिले, तोवर प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या. ती बारावीनंतर घरीच आहे. ते मला म्हणाले, "सर, हम दोनों एकही मंडी में बैठते हैं. फिर ये फरक कायका?"

2014 च्या जुलैत मुस्लिमांमधल्या मागास घटकांसाठी 5 टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला होता. मुंबई उच्च न्यायालयाने त्यातल्या शिक्षणाच्या भागाला स्थगिती दिली नाही. तरी अध्यादेशाचा कायदा झाला नाही आणि तो संपला. त्यावर आपण दहा वर्षे भाषणे ऐकली. ती मागणी रास्तच आहे. पण जे हक्काचे आरक्षण कागदावर आहे, ते एका रिकाम्या रकान्यामुळे हातचे जाते, यावर कोण बोलणार?

आपल्यातल्या सफाईकाम करणाऱ्या जमातींची अवस्था तर आणखी बिकट. रकाना भरला तरी त्यांना अनुसूचित जातीची सवलत नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ती हिंदूंपुरती ठेवली. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना ती मिळाली. मुस्लिम आणि ख्रिस्ती आजही बाहेरच आहेत.

'इस्लाममध्ये जात नाही, मग लिहायची कशाला?' असे काही बुजुर्ग विचारतात. त्यांना मी अदबीने सांगतो, जात लिहिणे म्हणजे जात मानणे नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या वाट्याला कोणते काम आले, त्याची ती नोंद आहे. रकाना कोरा राहिल्याने खात्यापित्या घराचे काही बिघडत नाही. बिघडते ते हातगाडीवाल्याचे, पिंजाऱ्याचे.

म्हणून पालकांना एवढेच सांगणे: मुलाचे नाव घालताना जात स्पष्ट लिहा. आधीच 'मुस्लिम' लिहिले असेल तर मूल शाळेत आहे तोवर दुरुस्तीचा अर्ज द्या, कारण शाळा सुटल्यावर ते फार अवघड होते. भावकीत कुणाचा जुना दाखला असेल तर त्याची नक्कल सर्वांनी घ्या. आणि शासनाने कागद मागताना ध्यानात ठेवावे, की ज्यांच्या घरात 1967 पूर्वी कुणी शाळेची पायरी चढले नाही, तेच सर्वांत मागास आहेत. पुरावा नसणे हाच त्यांच्या मागासपणाचा पुरावा आहे.