मोरीचें पाणी

रोह्यास आमच्या आजीच्या घरामागें मोरीचें पाणी एका उथळ चरांतून वाहत जाई. चराच्या दोहों बाजूंस अळू व कर्दळ, आणि शेवटीं दोन केळी. त्या अळवाचें आजी फतफतें करी व आम्ही तें आवडीनें खात असूं. हें पाणी पुढें कोठें जातें, असा प्रश्न आमच्या मनांत कधीं आलाच नाहीं. कारण तें पुढें जातच नसे.

नोकरीनिमित्त आम्ही पेण येथें राहावयास आलों. घराची डागडुजी करतांना मागील अंगणास कोबा केला, मोरीचें पाणी नळीनें रस्त्यावरील गटारांत सोडलें, आणि स्वच्छता झाली म्हणून संतोष मानला. एके दिवशीं वर्गांत जलशुद्धीचा पाठ चालला असतां मागील बाकावरील एका मुलानें विचारलें, "सर, आपल्या घरचें सांडपाणी कोठें जातें?" आम्हांस उत्तर देतां येईना. सायंकाळीं त्यासच बरोबर घेऊन गटाराच्या कडेनें चालत निघालों, तों भोगावतीच्या पात्राशीं येऊन थांबलों. मुलगा कांहीं बोलला नाहीं, आणि तेंच आम्हांस अधिक लागलें.

आजीच्या चरांत जें आपोआप घडे, तें जर्मनींत केटे झायडेल या विदुषीनें १९५० च्या दशकांत प्रयोगांनीं तपासावयास घेतलें. नागपूरच्या 'नीरी' संस्थेनें 'फायटोरिड' या नांवानें अशीच रीत आपल्याकडे प्रचारांत आणिली आहे. खडीनें भरलेल्या उथळ कुंडांत पाणवनस्पति लावावयाच्या आणि सांडपाणी खडींतून सावकाश चालवावयाचें. झाडें घाण पिऊन टाकतात अशी पुष्कळांची समजूत असते. तीं थोडें नत्र व स्फुरद घेतात खरीं. परंतु मुख्य काम खडीवर व मुळांवर वस्ती करणाऱ्या सूक्ष्म जंतूंचें.

मग आम्हीं कोबा फोडून ८ फूट लांब, ३ फूट रुंद व २ फूट खोल खड्डा खणला. तळाशीं जाड प्लास्टिक, वर खडी, तींत पाणकणीस व शेजारच्या घरची कर्दळ. खडीच्या फटींत सुमारें ५४० लिटर पाणी मावतें. आमच्या न्हाणीचें व भांड्यांचें पाणी रोज २५० लिटरच्या आसपास, म्हणजे तें दोन दिवस आंत राहतें. गणित बरोबर होतें, तरी पहिल्या खेपेस फजितीच झाली. भांड्यांचें तेल खडीवर थापलें, पाणी तुंबलें, डांस झाले. उपाय सुचविला तो आमच्या कुटुंबानें: आधीं एक लहान टांकी ठेवावी, तेल वर तरंगेल, गाळ खालीं बसेल. तसें केल्यावर महिन्याभरांत दुर्गंधि गेली. तें पाणी पिण्याजोगें नव्हे. केळीस घालावयास मात्र उत्तम.

सुटींत मुलांस घेऊन रोह्यास गेलों असतां कुंडलिकेच्या पुलावर त्याच मुलानें पुन्हां विचारलें, "सर, धाटावच्या कारखान्यांचें पाणी अशा कुंडानें शुद्ध होईल का?" येथें आम्हीं त्यास खोटी आशा दाखविली नाहीं. जंतूंना घरचा मळ पचतो. कित्येक रसायनें त्या जंतूंनाच मारतात, आणि जड धातु नाहींसे न होतां खडींत व चिखलांत सांचून राहतात. त्यांस कारखान्यांत व सामायिक शुद्धीकरण केंद्रांत निराळीच प्रक्रिया लागते, आणि तिजवर डोळा ठेवणारी माणसेंही लागतात.

तो मुलगा अधूनमधून कुंड पाहावयास येतो. कडेला अळू लावावें असा त्याचा आग्रह आहे. धुण्याच्या पावडरीवर वाढलेलें अळू खावें कीं नाहीं, याविषयीं मात्र आमच्या घरांत अद्यापि एकमत झालेलें नाहीं.