तात्यापाऱ्यातून पक्ष्यांची एमएस्सी

रायपूरला आलात तर शारदा चौकाकडून तात्यापाऱ्यात पायीच या, रिक्षात बसलात तर गर्दीत अडकून पडाल. 'पारा' म्हणजे छत्तीसगढीत मोहल्ला. शेजारी ब्राह्मणपारा, थोडं पुढे बूढापारा. १८व्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल या मुलखात आला. इथली मराठी अजूनही कानावर पडते, हिंदीची फोडणी दिलेली, पण मराठीच.

आता वर बघा. तारांच्या गुंत्यावर पारवे, गच्चीच्या कठड्यावर साळुंक्या, त्यांच्याही वर गोल फिरणारी घार. एवढ्या भांडवलावर कुणी पक्ष्यांचा अभ्यास करेल का? आमच्या शेजारच्या वहिनी करताहेत. माहेर गोंदियाचं, बीएस्सी प्राणिशास्त्रात. घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आणि शाळेत जाणारी मुलगी. वहिनींना पक्ष्यांवर एमएस्सी करायची आहे आणि घर सोडता येत नाही.

मी इंग्रजीत बीए, लेख लिहून पोट भरते. माहिती शोधणं रोजचंच, म्हणून हे कामही माझ्याकडे आलं.

देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत एमएस्सी आहे, पण तिथे जाऊन राहावं लागतं. घरबसल्या करायची तर पदवी मिळते प्राणिशास्त्राची, पक्षी हा त्यातला एक तुकडा. शिवाय प्रात्यक्षिकांना केंद्रावर हजर राहावंच लागतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ वहिनींना मराठी म्हणून जवळचं वाटलं. पण राज्याच्या मुक्त विद्यापीठाचं कार्यक्षेत्र त्या राज्यापुरतंच, म्हणजे पुन्हा माहेरचा पत्ता आणि गोंदियाची गाडी. इग्नूचं प्रादेशिक केंद्र मात्र रायपुरातच आहे. तुमच्याही घरात कुणी असा विचार करत असेल, तर फॉर्म भरण्याआधी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची यादी बघा. विद्यापीठाला मान्यता असली म्हणजे त्याच्या प्रत्येक दूरशिक्षण अभ्यासक्रमाला असतेच, असं नाही.

निव्वळ पक्षी हवे असतील तर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशाळेने १९७२पासून घरी बसून शिकण्याचा अभ्यासक्रम चालवला आहे, आता तो ऑनलाइन आहे. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी तर १८८३ची, तिचेही पक्षिशास्त्राचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहेत. मला विचाराल तर सुरुवात इथून करावी. वहिनींना ते पटत नाही. त्यांना पुढे कॉलेजात शिकवायचं आहे. "प्रमाणपत्र भिंतीवर लागतं गं, नोकरी नाही लागत," हे त्यांचं उत्तर.

मी सालिम अलींचं उदाहरण दिलं. त्यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती, म्हणून सरकारी पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. १९२९मध्ये ते बर्लिनला जाऊन श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकले, आणि पुढे मुंबई विद्यापीठाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक झाले! वहिनी हसल्या. "ते सालिम अली होते. मला मुलाखतीत पहिला प्रश्न पदवीचाच येणार." यावर काय बोलणार? मारुती चितमपल्लींचं नाव काढलं तेव्हा मात्र त्या खुलल्या. ज्या नवेगावबांधच्या जंगलात ते वनाधिकारी होते, ते वहिनींच्याच जिल्ह्यातलं. त्यांचा 'पक्षिकोश' उशाशी असतो.

सासूबाई उठायच्या आत वहिनी बूढा तलावावर जाऊन येतात. पाट्यांवर त्याचं नाव विवेकानंद सरोवर. विवेकानंद लहानपणी काही काळ रायपुरात होते, म्हणून. काठावर पाणकावळे पंख वाळवत बसतात, वंचक गळ टाकलेल्या माणसासारखा तासन्‌तास हलत नाही, खंड्या तारेवरून सूर मारतो. वहीत तीन रकाने आहेत: मराठी नाव, इथलं नाव, शास्त्रीय नाव. आपली साळुंकी इथे मैना. पण छत्तीसगढचा राज्यपक्षी असलेली बस्तरची पहाडी मैना वेगळी. साळुंकी 'ॲक्रिडोथेरिस', तर पहाडी मैना 'ग्रॅक्युला', माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करणारी. एका नावाखाली दोन पक्षी कसे लपतात, हे मला त्या वहीमुळे कळलं.

फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातले पक्षी मोजतात. कुठेही निदान १५ मिनिटं उभं राहायचं, दिसतील ते लिहायचे आणि यादी ई-बर्डवर टाकायची. वहिनींनी गच्चीवरून मोजले, कपडे वाळत घालताघालता.

फॉर्म अजून भरलेला नाही. प्रात्यक्षिकांच्या दिवसांत सासूबाईंजवळ कोण बसणार, एवढंच अडलंय. सकाळचे चार तास मी घेतलेत. दुपारसाठी नणंदबाईंना फोन केलाय, त्या रविवारी सांगणार आहेत.