पट्टीवरच्या रेघा

१८ जून २०२४, मंगळवार

गडचिरोलीच्या शिबिरातले रक्ताचे नमुने सकाळी बर्फाच्या पेटीतून नागपूरला पोचले. आधी प्लाझ्मा काढून टाकला. त्यातली शेकडो प्रथिनं या कामात नकोत. तांबड्या पेशी सलाईनने धुतल्या, फोडल्या. उरलं ते जवळजवळ निव्वळ हिमोग्लोबिन. सेल्युलोज अ‍ॅसिटेटची पट्टी बफरमध्ये भिजवून टिपली, ऋण टोकाजवळ नमुने लावले आणि वीज सोडली.

पीएच ८.६ला सगळी हिमोग्लोबिनं ऋणभारित असतात आणि धन टोकाकडे निघतात. ज्यावर भार जास्त, ते पुढे. निरोगी माणसाचं मुख्य हिमोग्लोबिन ए सगळ्यांत पुढे, मग एफ, मग सिकलसेलचं एस, मागे ए-टू. पट्टी पॉन्सो रंगात बुडवली, अ‍ॅसेटिक आम्लात धुतली, तशा लाल रेघा उमटल्या. एका नमुन्यात ए आणि एस दोन्ही, ए जरा जाड: सिकलसेलचा वाहक. शेजारच्या नमुन्यात एसची रेघ गडद, एफची फिकट आणि एची जागा कोरी. हे लेकरू रुग्ण आहे. त्या कोऱ्या जागेवरून नजर हलेना.

१९ जून, बुधवार

आज जागतिक सिकलसेल दिन. विद्यार्थ्यांना १९४९ची गोष्ट सांगितली. लायनस पॉलिंग, इटानो, सिंगर आणि वेल्स यांनी निरोगी माणसाचं आणि रुग्णाचं हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात चालवलं. दोन्हींची चाल वेगळी निघाली, आणि रोगाचं मूळ एका रेणूत असू शकतं हे प्रथमच दिसलं. पुढे इन्ग्रॅम यांनी नेमका फरक शोधला: बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. एका रेणूत बीटा साखळ्या दोन, म्हणून दोन ऋणभार कमी. एवढ्याशा फरकाने रेघ मागे राहते, आणि तेवढ्यानेच माणसाचे सांधे रात्र रात्र ठणकतात.

२१ जून, शुक्रवार

एका नमुन्यात एसच्या जागी रेघ, पण विद्राव्यता चाचणी निगेटिव्ह. एस असता तर द्रावण गढूळ झालं असतं. संशय डी-पंजाब या हिमोग्लोबिनचा. त्यात बीटा साखळीच्या १२१व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी ग्लुटामिन असतं. इथेही दोनच भार कमी, म्हणून पट्टीवर जागा तीच. मग सायट्रेट अगार, पीएच ६.२. तिथे एस वेगळं पडतं आणि डी एच्या सोबत राहतं. हा नमुना एच्या सोबतच राहिला. रेघ जागा दाखवते. नाव ठरवायला दुसरा पुरावा लागतो. घाईने एस लिहिलं असतं, तर एका घरावर नसलेल्या आजाराचा शिक्का बसला असता.

२४ जून, सोमवार

विद्यार्थिनी रुग्णांच्या लघवीतली प्रथिनं बघते आहे. नमुना पातळ, तिने विचारलं, ‘मॅडम, एवढ्या पसरलेल्या थेंबातून बारीक रेघ कशी येणार?’ तिला उभ्या जेलचा वरचा थर दाखवला. १९६४मध्ये ऑर्नस्टाइन आणि डेव्हिस यांनी मांडलेली ही युक्ती. वरच्या थरात पीएच ६.८. क्लोराइड आयन झपाट्याने पुढे जातात. ग्लायसिनवर तिथे भार जेमतेम, म्हणून ते रेंगाळतं. मध्ये सापडलेली प्रथिनं दाटून येतात, पुढे वाटाड्या आणि मागे हाकणारा धनगर असला की मेंढ्या येतात तशी. खालच्या थरात पीएच ८.८. ग्लायसिनला भार मिळतो, ते प्रथिनांना मागे टाकून निघून जातं आणि दाटलेली प्रथिनं आकारमानाप्रमाणे पांगतात. आधी गोळा करायचं, मग निवडायचं. नमुन्यातला निळा रंग एका रेघेत जमताना ती जेलपासून हलली नाही.

२७ जून, गुरुवार

अहवाल पाठवले. विद्राव्यता चाचणी वाहक आणि रुग्ण दोघांतही पॉझिटिव्ह येते; फरक कळतो तो पट्टीवर. हा फरक लोकांपर्यंत नीट पोचला पाहिजे, कारण ‘वाहक’ हा शब्द ऐकून मुलींची लग्नं मोडतात. वाहकाला आजार नसतो. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. म्हणून जोडीदाराचीही तपासणी हवी.

शिबिराच्या गावातल्या आशाताईंना फोन करून एक गोष्ट पुन्हा सांगितली: गेल्या तीन-चार महिन्यांत कोणाला रक्त चढवलं असेल, तर फॉर्मवर तारीख लिहा. चढवलेल्या रक्तातलं ए पट्टीवर दिसतं आणि रुग्ण वाहकासारखा भासतो. त्या म्हणाल्या, ‘मॅडम, प्रत्येक घरी विचारते.’ पुढच्या फॉर्मवर हा रकाना छापून घेणार आहे.