संगणकाचं घड्याळ आपली चूक कशी मोजतं?



मे महिन्याच्या सुट्टीनंतर इंटरनेट नसलेला संगणक सुरू केला, तर कोपऱ्यातली वेळ मिनिटभर मागे किंवा पुढे गेलेली दिसते. यावरून आमच्या पाचवीतल्या एका मुलाने विचारलं, "बाई, ज्याला वेळ नीट सांगता येत नाही, त्याची गणितं बरोबर कशी येतात?"

प्रश्न मोठा छान आहे! गणितासाठी पायऱ्या क्रमाने व्हाव्या लागतात, बाहेर किती वाजले हे कळावं लागत नाही. वेळ सांभाळणारा भाग वेगळाच असतो. संगणक बंद असतानाही तो मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलवर चालू राहतो. त्यात क्वार्ट्झचा एक छोटा स्फटिक असतो. तो सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. हीच संख्या का? मुलांना ती निम्मी-निम्मी करायला सांगा. बरोबर 15 वेळा निम्मी केली की 1 उरतो. म्हणजेच एक सेकंद! आहे ना गंमत?

पण प्रत्येक स्फटिक थोडा वेगळा असतो, शिवाय तापमानानेही त्याचा वेग बदलतो. दहा लाखांत 20 इतकी चूक असली, तर दिवसाच्या 86,400 सेकंदांत सुमारे 1.7 सेकंदांचा फरक पडतो. महिन्याला जवळजवळ 52 सेकंद. (तारीख एकदम कित्येक वर्षं मागे गेली असेल, तर मात्र बहुधा सेल संपलेला असतो.)

मग यावर उपाय काय? लिनक्स प्रणालीत यासाठी एक साधी सोय आहे. समजा, घड्याळ बरोबर लावलं आणि 10 दिवसांनी ते 30 सेकंद मागे पडलेलं दिसलं. म्हणजे रोज 3 सेकंद. हा दर संगणक एका फाइलमध्ये लिहून ठेवू शकतो. पुढे 4 दिवस तो बंद राहिला, तर घड्याळ वाचताना 12 सेकंद मिळवायचे. झालं! एकमान पद्धतीचंच उदाहरण आहे हे.

इंटरनेट असेल तर संगणक दुसऱ्या अचूक संगणकाला वेळ विचारतो. पण उत्तर यायलाही वेळ लागतोच की! म्हणून तो प्रश्न पाठवल्याची आणि उत्तर आल्याची, अशा दोन्ही वेळा टिपतो. प्रश्न 10 वाजता गेला, उत्तर 2 सेकंदांनी आलं आणि त्यात 10 वाजून 6 सेकंद असं लिहिलेलं होतं. जाण्या-येण्याला सारखाच वेळ लागला असं धरलं, तर तेव्हा आपल्याकडे 10 वाजून 1 सेकंद झाला होता. म्हणजे आपण 5 सेकंद मागे आहोत. प्रत्यक्षात हे हिशोब सेकंदाच्या हजाराव्या भागात चालतात.

फरक लहान असेल, तर काटा एकदम सरकवत नाहीत. घड्याळ अचानक मागे गेलं, तर नंतर केलेली फाइल आधीची दिसेल! म्हणून चाल किंचित कमी-जास्त करतात. लिनक्समध्ये सेकंदाला साधारण अर्धा मिलिसेकंद या मर्यादेत हे होतं. एक सेकंद भरून निघायला सुमारे 33 मिनिटं लागतात.

मला यातली एक गोष्ट वर्गासाठी फार मोलाची वाटते. दर वेळी हातचा विसरणाऱ्या मुलाच्या वहीत नुसत्या फुल्या मारल्या, तर त्याला काहीच कळत नाही. 'तुझी चूक दर वेळी इथेच होते' हे दाखवलं, की तो स्वतःच तिथे थांबतो. नियमित होणारी चूक सापडते, मोजता येते आणि म्हणून सुधारताही येते.

वर्गात हा उपक्रम नक्की घ्या. भिंतीवरचं घड्याळ सोमवारी मोबाईलच्या वेळेशी जुळवा. मग दोन आठवडे त्याला हात न लावता फरक फळ्याच्या कोपऱ्यात लिहीत जा. रोजची सरासरी काढा आणि महिनाअखेर किती फरक पडेल, याचा अंदाज मुलांनाच करू द्या. कोणाचा अंदाज जवळ आला, ते आम्हालाही कळवा!