तो सुटणार हे आधीच ठाऊक

३१ ऑगस्ट २०२० रोजी झी मराठीवर ‘देवमाणूस’ सुरू झाली आणि पुढचं वर्षभर आमच्या उंब्रजकडच्या घरांत रात्रीची जेवणं तिच्या वेळेआधी उरकू लागली. कोरोनाचे दिवस होते, माणसं घरात अडकली होती, हे एक कारण झालं. पण तेवढंच कारण असतं तर त्या वर्षी लागलेल्या सगळ्याच मालिका तशा बघितल्या गेल्या असत्या. ही मालिका आम्हाला आमची वाटली. बोली आमची, ओट्यावरच्या गप्पा आमच्या, सरू आजीच्या तोंडच्या म्हणी आमच्याच आज्यांच्या तोंडच्या. निर्मात्या श्वेता शिंदे साताऱ्याच्या. ‘लागिरं झालं जी’मधून त्यांनी सातारी बोली आधीच महाराष्ट्रभर नेली होती आणि त्यातला भैय्यासाहेब, म्हणजे किरण गायकवाड, इथे डॉक्टर अजितकुमार देव होऊन आला. गाव ज्याच्यावर जीव टाकतं असा डॉक्टर, आणि आतून देवीसिंग नावाचा खुनी. डिसेंबर २०२१ मध्ये दुसरं पर्व आलं, २ जून २०२५ला ‘मधला अध्याय’ नावाचं तिसरं. मी तिन्ही पर्वं मनापासून पाहिली आहेत. पहिल्याच्या वेळची ओढ तिसऱ्याला उरली नाही, हे माझ्यापुरतं आणि माझ्या आसपासच्या माणसांपुरतं निश्चित सांगता येतं. त्याचं कारण काय, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण जी कारणं सर्रास ऐकू येतात ती तपासून पाहिल्यावर टिकत नाहीत.

कुणी म्हणतं, मालिका फार ताणली. पहिलं पर्वही वर्षभर चाललं होतं. एकेक भेट, एकेक शंका आठवडाआठवडा लांबत होती, आणि तरी पाहणारे हलत नव्हते. कुणी म्हणतं, तोच नट, तेच हसणं, आता कंटाळा आला. किरण गायकवाडच्या कामात मला उणीव दिसत नाही. समोरच्या बाईशी बोलताना आवाजात येणारा ओलावा आणि ती पाठमोरी झाली की चेहऱ्यावरून उतरून जाणारा तो ओलावा हे त्याने तिसऱ्या पर्वातही तितक्याच ताकदीने केलं आहे. कुणाला खून आणि शृंगार अति वाटतो. तोही पहिल्यापासून होताच. म्हणजे जे आधी होतं तेच आताही आहे, तर मग बिघडलं कुठे?

माझ्या मते उत्तर रहस्याच्या जागेत आहे. ‘देवमाणूस’मध्ये खुनी कोण हे रहस्य कधीच नव्हतं. पहिल्या काही भागांतच आपल्याला ते कळलं होतं. आपण वाट बघत होतो ती गावाला केव्हा कळतं याची. ही वाट बघणं आमच्या भागातल्या माणसाला फार जवळून समजतं. उंब्रज ही चाफळ आणि तारळे खोऱ्यांची बाजारपेठ. मोठ्या दुखण्याला माणूस कऱ्हाड किंवा साताऱ्याला जातो, पण ताप, खोकला, सलाईन, रात्री-अपरात्रीचं इंजेक्शन हे सगळं जवळच्या डॉक्टरच्या भरवशावर चालतं. त्या डॉक्टरला घरातल्या सुनेचं दुखणं ठाऊक असतं, कोणाची जमीन वाटणीत अडकली आहे ते ठाऊक असतं, कोणाचा नवरा मुंबईला आहे ते ठाऊक असतं. पदवीची चौकशी कोणी करत नाही. गुण आला की विश्वास बसतो. हा विश्वासच मालिकेने हत्यार म्हणून वापरला होता. म्हणून एसीपी दिव्या सिंग गावात आली तेव्हा आपण खुर्चीच्या कडेला सरकून बसलो. गाव आणि सत्य यांच्यामधलं अंतर कमी होत होतं आणि प्रत्येक भागाने ते आणखी थोडं कमी केलं.

आता ‘मधला अध्याय’ घ्या. नावातच कथेचा काळ सांगितला आहे: पहिल्या पर्वाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात यांच्यामध्ये काय घडलं, त्याची ही गोष्ट. खुनी नव्या गावात गोपाळ नावाचा शिंपी होऊन राहतो. दुसऱ्या पर्वात तो राजस्थानात नटवर सिंग म्हणून जिवंत, मोकळा आणि धडधाकट असतो, हे आपण २०२१ सालीच पाहिलेलं आहे. म्हणजे या मधल्या काळात तो पकडला जाणार नाही, मरणार नाही, आणि ज्या गावात तो राहतो त्या गावाने त्याला ओळखलं तरी त्याचा काही उपयोग होणार नाही. ज्या एका प्रश्नावर सगळी मालिका उभी होती, त्याचं उत्तर पहिला भाग लागायच्या आधीच देऊन टाकलेलं होतं. पोलिस दारात आले तरी आपली छाती धडधडत नाही, कारण ते हात हलवत परत जाणार हे ठरलेलं आहे. प्रेक्षकांची नाराजी मला इथे सुरू झालेली दिसते. नीट शब्दांत मांडता आलं नाही तरी आपल्याला वाट बघायला काही ठेवलेलंच नाही, हे साध्यातल्या साध्या प्रेक्षकालाही जाणवतं.

यावर एक चांगला आक्षेप घेता येतो आणि तो मराठीतल्याच उदाहरणाने घेता येतो. ‘रात्रीस खेळ चाले’चं पहिलं पर्व २०१६ साली अण्णा नाईकांच्या मृत्यूने सुरू झालं. २०१९ मध्ये दुसरं पर्व आलं ते मागच्या काळात गेलं, अण्णा हयात असतानाच्या. अण्णा मरणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी ते पर्व पहिल्यापेक्षा जास्त गाजलं. माधव अभ्यंकरांचा अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता तेव्हा घरोघरी बोलली जात होती. मग शेवट ठाऊक असणं हा दोष कसा? आक्षेप खरा आहे आणि त्यामुळे माझं म्हणणं मला अधिक नेमकं करावं लागतं. पहिल्या पर्वाने नाईकांच्या वाड्यात एक मोठी पोकळी ठेवली होती. हे घर असं का झालं, अण्णांच्या बायकोच्या, माईच्या डोळ्यांत ही भीती कुठून आली, मुलं एकमेकांपासून अशी का तुटली, हे प्रश्न तिथे उघडे पडले होते आणि मागे गेल्याशिवाय त्यांची उत्तरं मिळणार नव्हती. प्रेक्षक त्या गोष्टीची वाट बघत होता. शिवाय अण्णांच्या कर्माचं फळ आपण आधी पाहून घेतलं होतं, त्यामुळे त्यांचा प्रत्येक माज त्या फळाच्या सावलीत दिसत होता. देवीसिंगच्या मधल्या वर्षांबद्दल असा एकही प्रश्न उघडा नव्हता. तो कुठेतरी लपला असेल, वेश बदलला असेल, आणखी कुणाला फसवलं असेल, हे आपण मनाशी धरूनच चाललो होतो, आणि मालिकेने तेवढंच दाखवलं. त्यातही एक वाट होती: खुनी सुटणार हे नक्की असलं तरी त्याच्या तावडीतली बाई वाचेल की नाही हे नक्की नव्हतं. सगळा जीव तिच्यात ओतला असता तर ठाऊक असलेल्या शेवटातही श्वास रोखून बसता आलं असतं. पण मालिकेचं नाव त्याचं, जाहिरातीत चेहरा त्याचा, प्रत्येक भागाचा शेवटचा क्षणही बहुतेक त्याच्या डोळ्यांवर. बायका येतात आणि जातात.

याचं मूळ आणखी खोल आहे. लांब चालणाऱ्या रहस्यकथा आपल्याला नव्या नाहीत. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि एका पिढीने त्या भाड्याच्या वाचनालयांतून आणून संपवल्या. पण त्यांचा धनंजय हा शोध घेणारा होता. एक पुस्तक संपलं की एक गुन्हा मिटायचा, गुन्हेगार जेरबंद व्हायचा, आणि धनंजय पुढच्या कामाला मोकळा व्हायचा. ‘सीआयडी’ १९९८ पासून वीस वर्षं चालली ती याच जोरावर. शिवाजी साटमांचा एसीपी प्रद्युम्न कायम राहायचा, पण प्रत्येक खुनाचा हिशेब पूर्ण व्हायचा. मालिका गुन्हेगाराच्या खांद्यावर उभी केली की मात्र उलट होतं. तो राहिला तर मालिका राहते, म्हणून त्याला पकडता येत नाही. आणि त्याला पकडता येऊ नये म्हणून भोवतालचा प्रत्येक माणूस पर्वागणिक अधिक भोळा, अधिक आंधळा करावा लागतो. अमेरिकेतल्या ‘डेक्स्टर’चं हेच झालं. २००६ साली सुरू झालेली ती मालिका आठ पर्वांनंतर २०१३ मध्ये संपली, आणि खुनी नायक कुठेतरी दूर लाकूडतोड्या होऊन जगतो हा शेवट पाहून तिचे चाहते संतापले. २०२१च्या नव्या पर्वात त्याच्या स्वतःच्या मुलाने त्याला गोळी घातली तेव्हा निदान एक हिशेब मिटला असं वाटलं होतं. पण २०२४ अखेर पूर्वकथेची मालिका आली, तिच्यात तो वाचल्याचं दाखवलं, आणि २०२५ मध्ये तो पुन्हा हजर झाला. पैसा आणि कसब यांची तिथे वाण नव्हती. साच्यातच ही अडचण आहे.

आमच्या बाजूने सर्वांत जड आक्षेप वेगळाच येतो: प्रत्यक्षात असंच घडलं होतं की. ऑगस्ट २०१६ मध्ये वाई तालुक्यातल्या धोमचं प्रकरण उघडकीस आलं. ‘देवमाणूस’ त्यावरून सुचली अशी चर्चा पहिल्या दिवसापासून होती. डॉक्टर म्हणवणाऱ्या एका माणसाने २००३ पासून सहा जणांचा जीव घेतला, असा पोलिसांचा आरोप. तक्रारी करणारा, भ्रष्टाचाराविरुद्ध बोलणारा कार्यकर्ता अशीही त्याची ओळख होती. उंब्रजहून साताऱ्यामार्गे वाईला जायला फार वेळ लागत नाही. ही बातमी आम्ही लांबची म्हणून वाचली नव्हती. मग तेरा वर्षं कोणाला काही कळलं नाही हे जर खरं असेल, तर मालिकेतल्या गावांचा भोळेपणा अवास्तव कसा म्हणायचा? मी या आक्षेपाशी बराच काळ झगडलो आहे, कारण वरवर तो बिनतोड वाटतो. पण खऱ्या प्रकरणात माणसं नाहीशी झाली ती वर्षांच्या अंतराने, आणि माणूस बेपत्ता झालं की आपल्याकडे लोक आपापलं स्पष्टीकरण लावून घेतात. कोणी भांडून गेली असेल, कोणी कुणाबरोबर गेली असेल, कोणी मुंबईला कामाला लागली असेल. पोलिस ठाण्यात बेपत्ता म्हणून एक नोंद होते आणि फाइल पडून राहते. ही सहा प्रकरणं एका माणसाभोवती आहेत हे दिसत नव्हतं, कारण ती एकत्र ठेवून कोणी पाहिलीच नव्हती. लोक मूर्ख होते असं त्यातून मुळीच सिद्ध होत नाही. बेपत्ता बाईचा शोध घेणं हे आपल्याकडे कोणाचंच तातडीचं काम नसतं, एवढंच सिद्ध होतं. आणि मालिकेने नेमकं हेच सोडून दिलं. तिने तेरा वर्षांचा विरळ काळ काही महिन्यांत दाबून बसवला, एकाच गल्लीतून माणसं नाहीशी होऊ दिली, आणि मग गावाला काही कळत नाही हे पटवण्यासाठी गावकऱ्यांना विनोदी करून टाकलं. धोमचं प्रकरण शेवटी उघडं पडलं ते एक अंगणवाडी कार्यकर्ती बेपत्ता झाली आणि तिचा तपास सोडून दिला गेला नाही म्हणून. त्या एका तपासातून जुनी सगळी नावं वर आली. खऱ्या गोष्टीतला सर्वांत थरारक भाग हाच आहे. तीन पर्वं झाली, तरी मालिकेत त्याला हवी तेवढी जागा मिळालेली नाही.

लोक बघतात म्हणून काढतात, असं म्हणणाऱ्यांशी मला वाद घालायचा आहे, पण रागाने नाही. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि वाहिनीचा व्यवहार त्यावर चालतो, हे मला कळतं. रोज रात्री एक भाग उभा करायचा म्हणजे लेखकांना आणि कलाकारांना केवढी मेहनत पडते, तेही कळतं, आणि त्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. तरी टीव्ही चालू आहे म्हणजे मन त्यात आहे असं होत नाही. पहिल्या पर्वाच्या वेळी दुसऱ्या दिवशी दुकानात, एसटीत, शेताच्या बांधावर कालच्या भागाची चर्चा व्हायची. तिसऱ्याच्या वेळी ती फारशी कानावर आली नाही. आकड्यात हा फरक सापडत नाही. आणि लोकांना खुनीच आवडतो, हेही मला मान्य नाही. लोकांना किरण गायकवाडचं काम आवडतं. त्या कामातून उभा राहिलेला माणूस शेवटी सापडावा अशी त्याच लोकांची इच्छा होती. पहिल्या पर्वाचा शेवट पुढच्या पर्वाची सोय ठेवून झाला, तेव्हा झालेला हिरमोड त्या इच्छेचाच होता. दुसऱ्या पर्वात मिलिंद शिंदेंचा मार्तंड जामकर आला तेव्हा आशा परत जागी झाली, कारण खुन्याच्या तोडीचा एक माणूस समोर उभा राहिला होता. मग मालिका मागच्या काळात गेली, आणि तिथे आशेला जागाच नव्हती.

चौथं पर्व निघणार असेल तर ते बेपत्ता झालेल्या बाईच्या घरून सुरू करावं. तिची बहीण तक्रार द्यायला जाते, ठाणे अंमलदार तिला काय विचारतो, शेजारी काय बोलतात, सासरचे का गप्प बसतात, हे दाखवावं. फोन शेवटचा कुठे लागला, अंगावरचं सोनं कुठल्या पतसंस्थेत तारण पडलं, त्या पावतीवर सही कोणाची, कुठल्या गावातून एक डॉक्टर आणि कुठल्या गावातून एक शिंपी एकाएकी उठून गेला, हे धागे तिने आणि एखाद्या चिवट हवालदाराने मिळून जोडावेत. असं कथानक वर्षभर रोज चालवता येईल. धागे तेवढे आहेत. किरण गायकवाडलाही त्यात मोठं काम आहे: पोलिस ठाण्यातल्या खुर्चीवर बसून, त्याच मऊ आवाजात, एकेका पावतीचा खुलासा करत राहण्याचं.